वायदा, बदला आणि फ्युचर्स : भारतातील शेअर-वायद्यांची वाटचाल

प्रस्तावना

शेअर बाजाराचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर 'स्टॉक फ्युचर्स' हा विषय आला की लॉट, मार्जिन, मुदत, समाशोधन गृह अशा संज्ञांची यादी पुढे येते. व्याख्या पाठ होतात, पण हे नियम असेच का, हा प्रश्न राहून जातो. नफा-तोट्याचा हिशेब रोजच्या रोज का चुकता करायचा? खरेदीदार आणि विक्रेता यांच्यामध्ये तिसरी संस्था का उभी असते? या प्रश्नांची उत्तरे बाजाराच्या इतिहासात सापडतात. यांतील बहुतेक नियम कोणत्या ना कोणत्या संकटानंतर आलेले आहेत. प्रस्तुत पाठात हा इतिहास आपण १८६५ पासून आजपर्यंत पाहणार आहोत.

१. वायद्याचा मूळ अर्थ

वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा. भाव आज ठरतो, माल आणि पैसा पुढे हातबदल होतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीच्या शेअरचा वायदा १,२०० रुपयांना आहे आणि एका लॉटमध्ये ५०० शेअर आहेत. म्हणजे कराराचे मूल्य ६ लाख रुपये झाले. पण खरेदीदाराला ही पूर्ण रक्कम भरावी लागत नाही. मार्जिन २० टक्के धरले तर १ लाख २० हजार रुपये पुरतात. भाव ५ टक्क्यांनी उतरून १,१४० झाला तर त्याचा तोटा ३० हजार रुपये होतो. शेअर ५ टक्के पडला, पण गुंतवलेल्या रकमेतील २५ टक्के गेले. भाव चढला असता तर नफाही याच पटीत झाला असता.

थोड्या पैशांत मोठा सौदा करता येणे ही वायद्याची ताकद आहे आणि धोकाही तोच आहे. पुढील सगळा इतिहास हा या धोक्याची जबाबदारी कोणी घ्यायची, याविषयीचा वाद आहे.

२. १८६५ : मुदतीचा दिवस

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मागणी हिंदुस्थानी कापसाकडे वळली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. या पैशातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन मिळवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या आसपास गेला. प्रेमचंद रायचंद हे या काळातील सर्वांत प्रभावी दलाल होते.

यातील बराच व्यवहार रोखीचा नव्हता. १ जुलै १८६५ ही मुदत धरून असंख्य वायदे झाले होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याचे स्पष्ट झाले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यापाठोपाठ शेअरही. मुदतीचा दिवस उजाडला तेव्हा खरेदीदारांकडे द्यायला पैसे नव्हते. 'अ'ने 'ब'ला दिले नाहीत म्हणून 'ब'ला 'क'चे देता आले नाहीत, अशी साखळी कोसळत गेली. अनेक पेढ्या बुडाल्या. जुन्या बँक ऑफ बॉम्बेलाही १८६८ मध्ये गाशा गुंडाळावा लागला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सौदे व्यक्ती-व्यक्तींमध्ये होते, मध्ये हमी देणारी संस्था नव्हती. शिवाय तोटा महिनोन्महिने साचत गेला आणि एकाच दिवशी उघडा पडला. आजच्या व्यवस्थेतील समाशोधन गृह आणि रोजचा हिशेब ही दोन्ही अंगे नेमक्या याच दोन उणिवांवरचे उपाय आहेत. मात्र ते शेअर बाजारात रुजायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

३. व्यापार की जुगार?

या संकटानंतर काही वर्षांनी, १८७५ मध्ये, मुंबईतील देशी दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली. पण वायद्याला कायदा कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल ठरतो. शेअर देण्या-घेण्याचा दोन्ही पक्षांचा मुळीच इरादा नसेल आणि फक्त भावातला फरक चुकवायचा असेल, तर तो व्यापार की पैज, असा वाद न्यायालयांपुढे वारंवार आला. इरादा सिद्ध करणे अवघड असल्यामुळे वायद्याचा व्यापार कायम कायद्याच्या उंबरठ्यावर राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या रोखे करार (नियमन) कायद्याने केंद्र सरकारला व्यापक अधिकार दिले. बाजारात 'तेजी' आणि 'मंदी' या नावांनी चालणाऱ्या विकल्पांच्या सौद्यांवर याच कायद्याने बंदी घातली. त्यानंतर २७ जून १९६९ च्या अधिसूचनेने शेअरांच्या वायद्यांनाही मनाई केली.

४. बदला : बंदीनंतरची वाट

बंदीने वायद्याचे नाव गेले, गरज गेली नाही. उधारीवर शेअर घेऊन भाव चढण्याची वाट पाहणारा तेजीवाला आणि हाती नसलेले शेअर विकून भाव उतरण्याची वाट पाहणारा मंदीवाला, दोघेही बाजारात होतेच. त्यांना जी पद्धत उपयोगी पडली ती म्हणजे बदला. १९७० च्या दशकात ती पुन्हा जोर धरू लागली आणि १९८० च्या दशकात निवडक शेअरांसाठी तिला अधिकृत रूप मिळाले.

बदल्याचे तत्त्व सोपे होते. सौदा कागदोपत्री रोखीचाच असे. हिशेबाचा दिवस आला की शेअर उचलायला पैसे नसलेला खरेदीदार आपला सौदा पुढच्या हिशेबावर ढकलत असे. त्याच्या वतीने पैसे लावणारा सावकार व्याज घेई. हा झाला सीधा बदला. मंदीवाल्यांनी विक्री जास्त केली असेल आणि बाजारात शेअरच मिळत नसतील, तर उलट विक्रेत्याने खरेदीदाराला पैसे द्यायचे. हा उंधा बदला. १९८२ मध्ये रिलायन्सच्या शेअरमध्ये मंदीवाले असे अडकले आणि शेअर मिळवण्यासाठी त्यांची इतकी धावपळ झाली की मुंबई शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला.

बदला आणि फ्युचर्स यांचे नाते येथे स्पष्ट होते. सौदा पुढे नेण्याचा खर्च बदल्यात वेगळा आकारला जाई. फ्युचर्समध्ये तो रोखीचा भाव आणि वायद्याचा भाव यांतील फरकात दडलेला असतो. मात्र दोष बदल्यात मोठे होते. रोखीचा आणि उधारीचा व्यवहार एकाच भावात मिसळलेला असल्याने बाजारात खरी मागणी किती आणि उसन्या पैशांची किती, हे कळत नसे. सौदा कितीदा पुढे ढकलायचा याला बराच काळ प्रभावी मर्यादा नव्हती आणि मार्जिनची वसुलीही ढिली होती. अनुभवी दलालाला हे सारे उमगत असे, गावोगावच्या लहान गुंतवणूकदाराला क्वचितच.

५. १९९२ ते २००१

१९९२ च्या रोखे घोटाळ्याने बाजारातील उणिवा देशापुढे मांडल्या. त्याच वर्षी सेबीला वैधानिक अधिकार मिळाले. डिसेंबर १९९३ मध्ये सेबीने बदल्यावर बंदी आणली, पण बाजाराच्या आग्रहामुळे १९९५-९६ मध्ये तो नव्या अटींसह परत आला. दरम्यान नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरांचे संगणकीकृत व्यवहार सुरू झाले. १९९६ मध्ये त्याच्या समाशोधन महामंडळाने सौदे पूर्ण होण्याची हमी घ्यायला सुरुवात केली. १८६५ मधील पहिली उणीव येथे भरून निघाली.

डेरिव्हेटिव्ह व्यवहार कसे सुरू करावेत हे ठरवण्यासाठी सेबीने नोव्हेंबर १९९६ मध्ये डॉ. एल. सी. गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९९८ मध्ये आला. प्रा. जे. आर. वर्मा यांच्या गटाने मार्जिनची पद्धत सुचवली. १९९९ च्या दुरुस्तीने डेरिव्हेटिव्हना 'रोखे' या व्याख्येत स्थान मिळाले आणि मान्यताप्राप्त बाजारात झालेला असा करार कायदेशीर ठरला. कलम ३० भोवती सव्वाशे वर्षे चाललेला वाद या तरतुदीने मिटला. इरादा काय होता हे विचारण्याऐवजी सौदा कुठे आणि कोणत्या नियमांखाली झाला, हे विचारले जाऊ लागले. मार्च २००० मध्ये १९६९ ची मनाई मागे घेण्यात आली आणि जून २००० मध्ये दोन्ही बाजारांत निर्देशांकाचे वायदे सुरू झाले.

तरीही शेअरांमध्ये बदला चालूच होता. मार्च २००१ मध्ये भाव कोसळले तेव्हा कोलकाता शेअर बाजारातील काही दलालांना देणी चुकवता आली नाहीत आणि तो बाजार अशा गर्तेत गेला की पुढे सावरलाच नाही. यानंतर निर्णय वेगाने झाले. जुलै २००१ पासून प्रमुख शेअरांतील बदला बंद होऊन प्रत्येक दिवसाच्या व्यवहारांचा स्वतंत्र हिशेब होऊ लागला. ९ नोव्हेंबर २००१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात ३१ कंपन्यांच्या शेअरांचे वायदे सुरू झाले.

६. काय बदलले, काय राहिले

नव्या व्यवस्थेत उधारीचा बाजार रोखीच्या बाजारापासून वेगळा झाला. मुदत आधीच ठरलेली असते. मार्जिन आगाऊ घेतले जाते आणि नफा-तोटा रोज चुकता होतो. वरच्या उदाहरणातील ३० हजारांचा तोटा मुदतीच्या दिवसापर्यंत लपून राहत नाही. तो त्या त्या दिवशी खात्यातून वजा होतो. पैसे भरता आले नाहीत तर दलाल सौदा बंद करतो. सुरुवातीला मुदतीअखेर केवळ फरक चुकवला जाई. जुलै २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व शेअर-वायद्यांत प्रत्यक्ष शेअर देण्या-घेण्याची सक्ती झाली. त्यामुळे मुदतीपर्यंत सौदा खुला ठेवणाऱ्या नवख्या माणसाला कराराची पूर्ण रक्कम किंवा तेवढे शेअर उभे करावे लागतात.

या सुधारणांनी बाजार सुरक्षित केला. सौदा करणारा माणूस सुरक्षित झाला, असे मात्र म्हणता येत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. या आकड्यांत ऑप्शन्सचाही समावेश आहे, त्यामुळे तो सगळा तोटा शेअर-वायद्यांचा मानू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. १८६५ मध्ये एका माणसाचे बुडणे साखळीने इतरांना ओढून नेत असे. आज समाशोधन गृह ती साखळी तोडते. एकटा बुडणारा मात्र बुडतोच, फक्त त्याचा आवाज बाजाराला ऐकू येत नाही.

समारोप

भारतात शेअर-वायदा ही २००१ मध्ये परदेशातून आणलेली वस्तू नाही, तसेच तो निव्वळ सट्टाही नाही. ज्याच्याकडे खरोखर शेअर आहेत आणि भाव पडण्याची भीती आहे, त्याच्यासाठी तो विम्यासारखा उपयोगी पडतो. पण नियमांनी सौदा पूर्ण होण्याची हमी दिली आहे, नफ्याची नव्हे. नवशिक्याने पहिला सौदा करण्यापूर्वी मार्जिनचा आकडा बाजूला ठेवून कराराचे पूर्ण मूल्य पाहावे आणि तेवढ्या रकमेची जोखीम आपल्याला पेलेल का, हे ठरवावे.

स्वाध्याय

१. १ जुलै १८६५ च्या संकटातील दोन संस्थात्मक उणिवा सांगा. त्या केव्हा आणि कशा दूर झाल्या?
२. सीधा बदला व उंधा बदला यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
३. '१९६९ च्या बंदीने वायदा संपला नाही, त्याचे रूप बदलले.' चर्चा करा.
४. एका वायद्याचा लॉट ४०० शेअरांचा, भाव १,५०० रुपये आणि मार्जिन २० टक्के आहे. भाव ३ टक्क्यांनी उतरल्यास मार्जिनच्या किती टक्के तोटा होईल?