आरसी कार कशी स्वच्छ करावी? आधी बॅटरी काढा

रिमोटवर चालणाऱ्या हौशी कारला आरसी कार म्हणतात. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात ती तांबड्या मातीत माखते, पूर्वेकडील शेतशिवारात काळ्या मातीत. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की गिअरमध्ये घट्ट बसते. तरीही कार थेट नळाखाली धरू नका.

क्रम असा ठेवा:

१. आधी कार बंद करा, मग रिमोट. उलट केल्यास काही गाड्या अचानक पळतात.

२. बॅटरी काढून बाजूला ठेवा.

३. चिखल वाळू द्या. मग जुन्या टूथब्रशने झटका. चाकांच्या आसांत गुंतलेले गवत, केस काढा.

४. उरलेले डाग ओलसर कापडाने पुसा. मोटर, रिसीव्हर आणि मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी यांवर पाणी ओतू नका.

५. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. त्याची वाफ पेटते, प्लास्टिकही खराब होते.

६. सगळे वाळल्यावर बेअरिंगला थेंबभर पातळ तेल द्या. ओल राहिली तर ते गंजते.

सर्वात मोठा धोका बॅटरीचा. लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो बॅटरी फुगली, चेपली किंवा तिच्यात पाणी गेले, तर चार्ज करू नका. आत शॉर्ट होऊन ती काही वेळानेही पेट घेऊ शकते. ती घराबाहेर, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.