हिरण्यकेशी मासा
गोड्या पाण्यातील एक दुर्मिळ, छोटा मासा. शास्त्रीय नाव शिस्टुरा हिरण्यकेशी, कुल नेमाकायलिडी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे, हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळील महादेव मंदिराच्या परिसरात तो आढळतो. प्रवीणराज, ठाकरे व बालसुब्रमण्यन यांनी २०२० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

शरीर लांबट असून तोंड खालच्या बाजूस असते. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या असतात. शिस्टुरा प्रजातीतील मासे तळाशी दगडगोट्यांत वावरतात आणि कीटकांच्या अळ्या व इतर सूक्ष्म जलचर टिपून खातात.

मत्स्यालयात या प्रजातीतील माशांना थंड, स्वच्छ, वाहते व प्राणवायूयुक्त पाणी, तळाशी वाळू, लपण्यास दगड आणि जिवंत खाद्य लागते. ते उडी मारतात, म्हणून टाकीवर झाकण हवे. हिरण्यकेशी मासा मात्र हौसेखातर पकडू नये. त्याचा अधिवास अतिशय मर्यादित असल्याने थोडी पकडही त्याला घातक ठरेल. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे क्षेत्र जैविक विविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. उगमाचे पाणी निर्मळ राखणे हेच त्याचे खरे संगोपन होय.