पी. डी. पाटील
पांडुरंग दादासाहेब तथा पी. डी. पाटील हे सातारा जिल्ह्यातील कराड नगरपालिकेचे ४२ वर्षे नगराध्यक्ष होते. यशवंतराव चव्हाण यांचे ते निकटचे सहकारी. चव्हाण यांचा जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा, पण कर्मभूमी कराड. ते मुंबई-दिल्लीच्या राजकारणात असताना शहराचा कारभार पाटील यांनी सांभाळला. पाणीपुरवठा व भुयारी गटारे ही जमिनीखालची, म्हणूनच सहसा कौतुक वाट्याला न येणारी कामे त्यांच्या कारकिर्दीत झाली. सत्काराच्या शालीपेक्षा हा ठेवा टिकाऊ ठरला. कराडमध्ये त्यांच्या नावामागे अद्याप ‘आदरणीय’ लावतात. यशवंतनगरच्या सह्याद्री सहकारी साखर कारखान्याशीही ते निगडित होते. त्यांचे पुत्र बाळासाहेब पाटील २०२० ते २०२२ या काळात राज्याचे सहकारमंत्री होते.