एमआरआयला दात का दिसत नव्हता?

१/ जानेवारी १८९६. क्ष-किरणांच्या शोधाची बातमी येऊन महिनाही उलटला नव्हता. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे ऑटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचे क्ष-किरणचित्र घेतले. त्यासाठी ते २५ मिनिटे निश्चल राहिले.

२/ या नव्या दृष्टीची किंमत अनेकांनी मोजली. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांचा हात यंत्र जुळवताना वर्षानुवर्षे किरणांत राहिला. कर्करोगाने आधी बोटे गेली, मग हात गेला. १९२८ साली त्यांनी जीवन संपवले. आजची मात्रा अत्यल्प असते. तरी ‘किरणांविना दात पाहता येईल का?’ हा प्रश्न उरलाच.

३/ १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाने मिळवलेली प्रतिमा प्रसिद्ध केली. पुढे त्यातूनच एमआरआय घडले. हे तंत्र मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनचा संकेत टिपते. दाताचे बाह्य कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज! त्यामुळे क्ष-किरणचित्रात शुभ्र दिसणारा दात येथे काळाकुट्ट दिसे.

४/ केवळ पाणी कमी, एवढेच कारण नव्हते. देवळातील घंटेचा नाद रेंगाळतो, लाकडावरची टकटक तत्क्षणी विरते. मऊ ऊती घंटेसारख्या, दात लाकडासारखा. इनॅमलचा संकेत मिलिसेकंदाच्या अल्पांशात विरतो आणि नेहमीचे यंत्र काही मिलिसेकंदांनंतर ऐकू लागते. तोवर उरतो तो केवळ गोंगाट.

५/ २००६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील इदियातुलिन, गारवुड आणि सहकाऱ्यांनी ‘स्विफ्ट’ ही पद्धत मांडली. अणुकेंद्रांना उद्दीपित करणे आणि त्यांचा संकेत टिपणे, ही दोन्ही कामे तीत जवळजवळ एकाच वेळी होतात. २०११ मध्ये त्यांच्या गटाने ती दातांवर वापरून दाखवली. कठीण कवच आणि आतील मऊ गर एकाच प्रतिमेत उमटले.

६/ दुसरा उपाय अंतराचा. संकेत क्षीण असेल, तर कान जवळ न्यावा. २०१६ मध्ये फ्रायबुर्गच्या संशोधकांनी थेट तोंडात ठेवायची बिनतारी कॉइल वापरली. संकेत वाढला, तसे बारकावे स्पष्ट झाले.

७/ अडचणी संपलेल्या नाहीत. धातूच्या काही भरणांमुळे प्रतिमा विकृत होते. शिवाय वॉल्कहॉफ यांच्याप्रमाणे रुग्णाला आजही काही मिनिटे निश्चल राहावे लागते. मात्र एक गोष्ट सिद्ध झाली: दात मुका कधीच नव्हता, आपणच उशिरा ऐकत होतो.