पर्वतीवरची गर्दी

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या उमरावांची मुलं इटलीच्या लांबलचक सफरीवर निघत. तिला ‘ग्रँड टूर’ म्हणत. परतताना आठवण म्हणून चित्रं नेत. जलरंगातलं चित्र तोवर बहुधा लहानच असायचं, वहीत किंवा पेटीत जपून ठेवायचं. रोममध्ये राहणाऱ्या अब्राहम-लुई ड्युक्रो या स्विस चित्रकाराने कागदाला कागद जोडले, ते कापडावर चिकटवले आणि जलरंगाला तैलचित्राएवढं केलं. रिचर्ड कोल्ट होअर या धनिकाने अशी चित्रं स्टोअरहेडच्या आपल्या वाड्यात लावली. त्यांत पडक्या कमानी, धबधबे, आभाळ सगळं अवाढव्य. माणसं मात्र चिमुकली. गिऱ्हाइकाला इटली हवी होती, इटलीतल्या माणसांशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं.

त्याच काळात पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट चित्रं काढत होते. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यांनी वेरूळची लेणी रेखाटली. १७९१मध्ये मुंबईत आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबरही काम केलं. म्हणजे गिऱ्हाईक इथेही साहेबच.

तरीही १७९५च्या सुमारास गंगारामांनी पर्वती काढली, ती दक्षिणेच्या वेळची. श्रावणात पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत आणि त्यासाठी लांबलांबून लोक येत. परक्या प्रवाशाला पर्वती म्हणजे एक देखणी टेकडी. गंगारामांना तिथला दिवस कुठला, गर्दी कशाची, हे ठाऊक होतं. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण ड्युक्रोची नजर आपल्या मोबाइलमध्ये शाबूत आहे. आमच्या बार्शीटाकळीचं कालिकादेवीचं देऊळ घ्या. तिथला शिलालेख शके १०९८चा, म्हणजे इ. स. ११७६च्या आसपासचा. आम्ही देवळाला हेमाडपंती म्हणतो, पण हेमाडपंत झाला त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी. एवढ्या जुन्या दगडांचा फोटो काढताना ओटी भरायला आलेली बाई कधी बाजूला होते, याची आपण वाट बघतो. ती गेली की फोटो ‘स्वच्छ’ येतो, आणि नांदतं देऊळ पडक्या रोमसारखं दिसायला लागतं.

तिला फोटोत राहू द्या. देऊळ किती जुनं, ते शिलालेख सांगेल. ते अजून कुणाचं आहे, हे त्या बाईकडूनच कळेल.