घरगुती केशरंजन : लोखंडी पात्र ते काळी मेंदी

केशरंजनाची परंपरा बाजारपेठेहून प्राचीन आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त लोखंडी पात्रात आंबट द्रवात कोद्रवाचे (कोदोचे) तांदूळ लोहचूर्णासह शिजवून केसांना लावण्याची व नंतर आवळ्याचा लेप देण्याची कृती सांगितली आहे. आवळा, हिरडा व बेहडा हे वृक्ष तिरोडा तालुका ज्या गोंदिया जिल्ह्यात येतो तेथील वनांतही आढळतात. या फळांतील टॅनिन व लोह यांच्या संयोगातून काळा रंग निर्माण होतो. केवळ मेंदीने केस तांबूस होतात. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये यूजीन श्युएलर यांनी कृत्रिम केशरंग विकसित केला. आज ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत पॅराफेनिलिनडायअमीन हे रसायन असते व काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. म्हणूनच परंपरेच्या नावाने घरात येणाऱ्या पुडीवरील घटक वाचणे अगत्याचे ठरते.