वाणी असताना केलेले इच्छापत्र

हृदयविकाराच्या झटक्यानंतर नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी पवनारच्या आश्रमात अन्न व औषध नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला. आपला निर्णय सांगायला त्यांच्यापाशी वाणी होती आणि त्या शब्दाला वजनही होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यापाशी यांतले काहीच उरले नव्हते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर त्या २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. ज्या परिचारिका-डॉक्टरांनी त्यांना जिवापाड सांभाळले, त्यांचीच संमती नव्हती. (या सेवेविषयी आपण फार थोडे बोललो, असे मला वाटते.) अरुणांची स्वतःची इच्छा मात्र कोणालाच ठाऊक नव्हती.

ही उणीव ९ मार्च २०१८ च्या निकालाने भरून काढली. शुद्धीवर असतानाच वैद्यकीय इच्छापत्र लिहिण्यास त्याने मान्यता दिली. न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची जाचक अट २०२३ मध्ये गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या आप्ताचे नाव त्यात लिहावे लागते आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे जाते. भोपाळकरांच्या बाबतीत महानगरपालिकेकडे.